तिघींत तिसरी

कुवेतच्या सालमिया भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सायकल आडवी मावत नाही. ती मागच्या चाकावर उभी करावी लागते आणि मग हँडल बरोबर माझ्या हनुवटीखाली येतं. एका शुक्रवारी पहाटे अशा अवस्थेत खाली जात असताना लिफ्ट मधल्याच मजल्यावर थांबली, आणि दारात आमच्या मंडळाच्या अध्यक्षाताई. आसपासच्या वीस-पंचवीस मराठी घरांनी मिळून चालवलेलं आमचं मंडळ आहे, गणपती, दिवाळी, तिळगूळ एवढंच करणारं, आणि ताई त्याच्या कायमच्या अध्यक्षा. खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, खबूस रोट्या आणायला निघाल्या होत्या. माझ्या अंगात सायकलवाल्यांची ती चिकटून बसणारी काळी विजार, वर लाज झाकायला नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्यावर हेल्मेट. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, आज शर्यत का? विजयी भव!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या काही खवचट बोलल्या असत्या तर मी सोडलं नसतं, टोमण्याला टोमणा देण्यात मी कमी नाही. आशीर्वादाला काय देणार? "हो हो," म्हणाले आणि तळमजला येईपर्यंत हँडलकडे बघत राहिले.

सायकलचं हे खूळ मला हौसेने लागलेलं नाही. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त मशीनमध्ये घालते. एकदा मशीन नीट चालतंय का ते पाहायला म्हणून गमतीत स्वतःचं रक्त घातलं, आणि साखरेचा जो आकडा आला तो पाहून गंमत संपली. लोकांच्या रिपोर्टवर असा आकडा दिसला की मी मनात म्हणायची, काय बाई माणसं, तोंडावर ताबा नाही. आता ते माझंच तोंड होतं. राई नावाच्या भागातल्या एका शोरूममधून सायकल आणली. पंचेचाळिशी उलटल्यावर सायकलवर बसलं की आधी गुडघे बोलतात, मग शेजारी बोलतात. दोघांकडे दुर्लक्ष करायला शिकले. मग एका सायकल क्लबात नाव घातलं, आणि तिथे कुणीतरी म्हणालं, शर्यतीत उतरा, मजा येते.

थंडीतल्या पहिल्या शर्यती रस्त्यावरच्या होत्या. शुक्रवारी इथे सुट्टी, सकाळी रस्ते मोकळे असतात, तेव्हा बायका-पुरुष सगळे एकदमच सुटायचे. सगळा घोळका एकमेकांच्या पाठीला चिकटून जातो, कारण पुढचा माणूस वारा अडवतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. म्हणजे घोळक्यात टिकलात तर तरलात. मी कधी पहिल्या वळणापलीकडे टिकले नाही. समुद्राकडून आडवा वारा आला की घोळका तिरका व्हायचा, मी कुठे बसायचं ते शोधत राहायची, आणि तेवढ्यात मधे दोन हात अंतर पडायचं, मग दहा हात, मग ती माणसं नुसती रंगीत ठिपके व्हायची. मग मी, वारा आणि मागची गाडी.

मागची गाडी म्हणजे शेवटच्या सायकलवाल्याच्या मागे दिवे लुकलुकवत येणारी क्लबाची गाडी. जो थकेल त्याला उचलून आत घालायचं, हे तिचं काम. तिचा हैदराबादी ड्रायव्हर फार सज्जन माणूस. शेंगा खात खात तो माझ्या बाजूला यायचा, काच खाली करायचा आणि म्हणायचा, "बैठ जाओ अम्मा, सब लोगां चाय पी रहे." माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनीच लहान असेल. त्या अम्मामुळे मी आणखी थोडं अंतर रागाने मारायची, आणि शेवटी बसायची. सायकल मागे, मी पुढे, आणि मांडीवर त्याने दिलेल्या शेंगा. रस्त्यावरच्या एकाही शर्यतीत मी शेवटच्या रेघेपर्यंत पोचले नाही. पण त्याचं एक बरं होतं, ते कुणी पाहिलं नाही. रस्त्यावरची शर्यत कुणाला दिसत नाही, सुटताना दिसते आणि पोचताना दिसते. मधे मी कुठे विरघळले ते फक्त त्या सज्जन माणसाला ठाऊक.

डिसेंबरात सायक्लोक्रॉस सुरू झालं. नाव मोठं आहे, प्रकार सोपा आहे. इथे थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, त्या बाजूला क्लबाने दोरी बांधून एक वळणावळणाची वाट आखली होती. त्या वाटेवर गोल गोल फिरत राहायचं. कुठे मऊ वाळू, कुठे टेकाड, कुठे मुद्दाम आडव्या ठोकलेल्या लाकडी फळ्या. फळी आली की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची, उड्या मारत पलीकडे धावायचं आणि धावता धावताच सीटवर झेप घेऊन पुढे निघायचं. ह्या शर्यतीत मागची गाडी नसते. पहिला नंबर आला की शर्यत संपली, बाकीच्यांनी आपली चालू फेरी पुरी करून थांबायचं. म्हणजे कितीही मागे असलात तरी तुमची नोंद होते. बायकांची शर्यत वेगळी होती. हे सगळं ऐकून मला वाटलं, हे आपल्यासाठीच काढलंय.

बायका होत्या तीन. एक कुवेती दंतवैद्य, तिशीची, हरणासारखी चपळ. एक फिलिपिनो नर्स, दुसऱ्या हॉस्पिटलातली, गप्प आणि चिवट. आणि मी. पहिल्या शर्यतीत दंतवैद्यीण मला इतकी मागे टाकून गेली की ती पुन्हा मागून आली आणि "यल्ला, यल्ला!" असं मला प्रेमाने ओरडून परत पुढे गेली. नर्स मला सुटतानाच काय ती दिसली. मी वाळूत तीनदा आडवी झाले, प्रत्येक फळीला चालत गेले आणि सगळ्यांचा चहा संपत आल्यावर पोचले. मग बक्षीस समारंभ. तीन पायऱ्यांचा लाकडी स्टँड होता. मधल्या उंच पायरीवर दंतवैद्यीण, एका बाजूला नर्स, आणि क्लबाच्या माणसाने मला हात देऊन तिसऱ्या पायरीवर चढवलं. हातात पितळी रंगाचा छोटा कप दिला. मी म्हणाले, "पण आम्ही तिघीच होतो." तो म्हणाला, "येस, थर्ड!"

माझा नवरा मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत इंजिनिअर आहे. मूळचा नाशिकचा, मोजूनमापून बोलणारा. त्याने फोटो काढला आणि गाडीत बसायच्या आत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सायक्लोक्रॉस शर्यतीत तृतीय क्रमांक."

"अरे, तिघींत तिसरी म्हणजे शेवटची," मी म्हणाले.

"तिसरी म्हणजे तिसरी. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. घरी पोचेपर्यंत ग्रुप अभिनंदनाने फुलला होता. फुलं, मशाली, वाघ, नऊवारीतली घोड्यावरची बाई. मी घाईघाईने लिहिलं, "अहो, आम्ही तीनच होतो. मी शेवटची आले." त्यावर ताईंचं उत्तर आलं, "किती तो विनय! फळांनी लगडलेलं झाड असंच वाकतं." त्याखाली नमस्काराचे हात, एकावर एक. मी पुन्हा लिहिलं की विनय नाही, खरंच शेवटची. कुणीतरी लिहिलं, "मोठी माणसं अशीच बोलतात." आता काय करणार? शपथपत्र देणार?

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. इथेच वाढलेली, मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. तिने फोटो पाहिला, कप उलटासुलटा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"हाऊ मेनी स्टार्टेड?"

"तिघी," मी म्हणाले.

"ओह," ती म्हणाली आणि कप परत टेबलावर ठेवला. त्या 'ओह'मध्ये वाईट काही नव्हतं. वजाबाकी बरोबर आली की आपण म्हणतो, तसा होता. पण मला तो दिवसभर टोचत राहिला.

दुसऱ्या क्रॉस शर्यतीच्या दिवशी नर्सची ड्यूटी होती. सुटायच्या रेघेवर आम्ही दोघीच. मी क्लबाच्या माणसाला म्हणाले, मला नाही उतरायचं, बरं वाटत नाही. तो बिचारा इतका हिरमुसला, म्हणाला, मग ही एकटी काय धावणार. उतरले. आणि अर्थातच दुसरी आले. स्टँडवर तिसरी पायरी रिकामी, आणि मी दुसरीवर, चांदीच्या रंगाचा कप घेऊन. एवढी लाज मला लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती. नवऱ्याला बजावलं की फोटो टाकायचा नाही. त्याने टाकला नाही. क्लबाच्या पानावर मात्र तो आला, आणि तिथून मंडळातल्या कुणीतरी उचलला. "तृतीयवरून द्वितीय! याला म्हणतात प्रगती!" नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण इथे लोक कथलालाच सोनं म्हणून ओवाळत होते.

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. तिळगूळ समारंभात माझा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल, श्रीफळ आणि मानपत्र.

"ताई, अहो कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय? ह्या वयात, ह्या देशात, वाळवंटात! आमच्या बायकांपुढे आदर्श नको का? आणि तुझी ओळख तुझी लेकच करून देणार. सूत्रसंचालन तिच्याकडे दिलंय. तेवढंच तिचं मराठी सुधारेल."

"ताई, दुसऱ्या वेळी आम्ही दोघीच होतो."

"तू ना, फार गोड आहेस," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. लेक दाराला टेकून उभी राहिली. हातात ताईंनी पाठवलेली ओळख होती. अडखळत वाचायला लागली, "वाळवंटातल्या वादळवाऱ्याला न जुमानता, भल्याभल्यांना मागे टाकत..." आणि थांबली. "मम्मा, हू आर दीज भलेभले?"

"अगं, त्यांच्या लिहिण्याची तऱ्हा आहे ती. मी सांगितलं त्यांना. किती वेळा सांगितलं."

"तू सांगतेस. पण यू से इट विथ अ स्माइल." मग ती अगदी सावकाश म्हणाली, "यू लाइक इट, मम्मा."

मी म्हणाले, "मूर्खासारखं बोलू नको." पिठाचे हात धुतले, बाहेर गेले, आणि टीव्हीशेजारच्या कपाटाकडे बघितलं. दोन्ही कप तिथे होते. ते मी ठेवले नव्हते, नवऱ्याने ठेवले होते. पण पुसताना त्यांची लिहिलेली बाजू पुढे मीच फिरवली होती. आणि लॅबमध्ये एका बाईने माझ्या पोटरीला हात लावून "किती टणक!" म्हटलं, तेव्हा पाय मागे घ्यायला मी जरा उशीरच केला होता. लेक खोटं बोलली नव्हती. नवऱ्यासमोर, लोकांसमोर पडणं वेगळं आणि सतरा वर्षांच्या पोरीने आपल्याला आरपार बघणं वेगळं. ती उन्हाळ्यात पुण्याला शिकायला जाणार होती. जाताना आईबद्दल ती काय बरोबर नेणार, तर हे? की आई खोटं बोलत नाही, फक्त खरं अशा आवाजात बोलते की कुणाला पटू नये?

रात्री तिने सांगून टाकलं, हे मी वाचणार नाही. मी म्हणाले, नको वाचू, मी ताईंना नाही म्हणते. नवरा म्हणाला की हॉल ठरलाय, शाल आणून झालीय, चार लोकांत तमाशा नको. शेवटी मी मनात एक ठरवलं. कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी होता आणि त्याच सकाळी मोसमातली शेवटची क्रॉस शर्यत. त्यात एकीला तरी मागे टाकायचं. नर्सला मागे टाकलं तर मी तिघींत खरोखरची दुसरी. मग लेकीला वाचायला निदान एक खरं वाक्य मिळेल. मी तिला म्हणाले, "शुक्रवारी सकाळी चल माझ्याबरोबर." ती आजवर एकाही शर्यतीला आली नव्हती. शुक्रवारी ती दुपारपर्यंत झोपते. पण आली.

वारा फार होता. वाळू दातांत येत होती. दंतवैद्यीण सुटली ती सुटलीच, तिचा विचारच नव्हता. मी नजर नर्सच्या निळ्या हेल्मेटवर ठेवली. आणि कसं कोण जाणे, त्या दिवशी ते हेल्मेट दिसेनासं झालं नाही. ती नाइट ड्यूटी करून आलेली असावी, तिची मान खाली होती. दुसऱ्याची झोपमोड माझ्या कामी येत होती, मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. टेकाडावर मी तिच्या जवळ आले. मऊ वाळूत तिचं चाक रुतलं आणि ती उतरून पळायला लागली, मीही उतरून पळायला लागले. सायकली खांद्यावर, दोघी शेजारी शेजारी, दोघी धापा टाकत. दोरीपलीकडे माझी लेक उभी होती. ती ओरडत होती. काय ओरडत होती ते ऐकू येत नव्हतं, पण ओरडत होती.

शेवटच्या फेरीत फळ्या आल्या. आजवर मी तिथे सायकल हातात धरून, पाय उचलून उचलून, नऊवारी सांभाळत ओढा ओलांडावा तशी जायची. पलीकडे गेल्यावर थांबून, नीट टांग टाकून बसायची. त्यात वेळ जायचा. नर्स एका हातावर होती. आणि लेक बघत होती. माझ्या मनात आलं, आज झेप घ्यायची, त्या दंतवैद्यीणबाईसारखी, धावता धावता सीटवर. ही झेप मी आयुष्यात कधी घेतली नव्हती. राईच्या शोरूममागच्या गल्लीत सरावसुद्धा केला नव्हता.

घेतली. सीट जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. मी सायकलच्या पलीकडे पडले आणि सायकल माझ्यावर. विजार मांडीपासून गुडघ्यापर्यंत फाटली. तोंडात वाळू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नर्स थांबली. मागे वळून तिने विचारलं, "ओके, मॅम?" मी हाताने जा जा म्हणाले. ती गेली. मी उठले, चेन निसटली होती ती बसेना, म्हणून सायकल खांद्यावर टाकून उरलेली वाट धावत, मग चालत, फाटक्या विजारीने पार केली. पुरुषांची पुढची शर्यत माझ्यासाठी खोळंबली होती. ते सगळे टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या थांबाव्यात म्हणून मी शेवटी पुन्हा धावले.

लेकीने माझ्या कमरेला तिचं जॅकेट बांधलं. "यू ऑलमोस्ट हॅड हर," म्हणाली. गाडीत मी मागच्या सीटवर बसले. कप मांडीवर होता. तिसरा.

संध्याकाळी हॉल भरला होता. हलव्याचे दागिने घातलेली बाळं, काळ्या साड्या, गुळाच्या पोळ्यांचा वास. मी काळ्या साडीत, गुडघ्याला पट्टी, पहिल्या रांगेत. ताईंनी माझं नाव घेतलं तेव्हा मला उठून पळून जावंसं वाटलं. मुद्दाम हसरा चेहरा करायचा नाही असं ठरवून स्टेजवर गेले, तर भीतीने तोंड इतकं वाकडं झालं की नवरा खालून खुणेने विचारायला लागला, दुखतंय का? मी माइक घेतला आणि म्हणाले, "माझं आधी ऐका. मी तिन्ही शर्यतींत शेवटची आले आहे." हॉल हसला. कौतुकाने, प्रेमाने हसला. कुणीतरी टाळी वाजवली. ताई म्हणाल्या, "बघा, आजही पाय जमिनीवर!"

मग माइक लेकीकडे गेला. तिच्या हातात ताईंचा कागद होता. तिने तो घडी करून खाली ठेवला.

"मला हे वाचता येत नाही," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मी आज सकाळी पाहिलं ते सांगते. तीन बायका होत्या. माझी आई शेवटची आली. ती पडली. चेन गेली. मग तिने सायकल उचलली आणि पळाली. सगळे थांबले होते. आधीच्या एका रेसमध्ये दोनच बायका होत्या, त्यात पण ती शेवटची. ती तुम्हाला खरं सांगते. तुम्ही ऐकत नाही."

कुणी हसलं नाही. आई विनयाने बोलते, पण लेक आईबद्दल चारचौघांत विनयाने बोलत नाही, हे सगळ्यांना कळतं. मागे कुणीतरी ताटल्या मांडत होतं ते ऐकू यायला लागलं. मी स्टेजवर उभी होते आणि शेकडो डोळ्यांसमोर माझी विजार पुन्हा एकदा फाटली होती. हेच मला हवं होतं ना? महिनाभर हेच सांगत होते ना? मग ऐकल्यावर जीव का जात होता? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. लेकीचा राग आला, आणि राग आला म्हणून आणखी लाज वाटली.

ताई शाल दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आणलीय तर घालते." आणि माझ्या खांद्यावर टाकली. नारळ दिला. टाळ्या वाजल्या, पण थोड्या, आणि लगेच पुढचा कार्यक्रम सुरू झाला. मानपत्र राहूनच गेलं.

जेवणाच्या वेळी लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलत होते. मी एका कोपऱ्यात पोळीचे तुकडे करत बसले होते. तेव्हा एक जण शेजारी येऊन टेकली. नवऱ्याच्या रिफायनरीतल्याच एका सहकाऱ्याची बायको, बीडकडची, लग्न होऊन इथे आलेली. मंडळात ती फक्त वाढायला दिसायची. नवऱ्याने गाडीतून नेलं तर बाहेर, नाहीतर घरात.

"वहिनी, खरंच तिघीच असता का हो तुम्ही?"

"खरंच," मी म्हणाले. आता ही पण आली, असं मनात.

"मला वाटायचं पन्नास-साठ तरी असतील. तुमचा फोटो बघितला का मी म्हणायची, एवढ्या बायांतून तिसरी येती ही बाई, आपल्याला काय जमणारंय. म्हणून विचारलंच नाही कधी." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी शाळेला सायकलवरच जायचे. पाच वर्षं. कच्च्या रस्त्यानं. चौथी आली तर चालतं का?"

मी चालतं म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात तिच्याबद्दल काही थोर आलं नाही. आलं ते एवढंच, की ही आली तर निदान एक जण माझ्या मागे असेल.

तिला राईला मीच घेऊन गेले. गिअर कसे बदलायचे, वाऱ्यात कुणाच्या मागे लपायचं, फळी कशी ओलांडायची, सगळं मीच शिकवलं. झेप शिकवली नाही, मला येतच नाही. उन्हाळ्यात लेक पुण्याला गेली. जाताना मी विमानतळावर तिला म्हणाले, "तू त्या दिवशी मला फार लाजवलंस गं." ती म्हणाली, "आय नो." आणि मिठी मारून राहिली.

मग थंडी आली. पहिली क्रॉस शर्यत झाली. त्या बीडच्या मुलीने वाळूत शाळेच्या कच्च्या रस्त्यावर असल्यासारखी सायकल घातली आणि दुसऱ्याच फेरीत माझ्या बाजूने निघून गेली. जाताना "येते वहिनी," असं म्हणाली सुद्धा. ती तिसरी आली. स्टँडला पायऱ्या तीनच असतात. मी खाली उभी होते, एका हातात तिची सायकल आणि एका हातात माझी. तिने तो पितळी रंगाचा कप दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मला आनंद झाला, आणि पोटात एक कळही आली. ती कळ मी इथे लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा कुणीतरी विनय म्हणेल.

फोटो नवऱ्याने काढला. ग्रुपवर मी टाकला. खाली लिहिलं, "चौघींत तिसरी."

लेकीचा फोन आला.

"हाऊ मेनी स्टार्टेड?"

"चौघी."

"अँड यू?"

"चौथी."

पलीकडून पुण्यातल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"फोटो पाठव," ती म्हणाली.

"मी नाहीये त्यात."

"माहितीये, आई. पाठव."